फेरातली मोकळी जागा

त्या सोमवारी दुपारी पावणेएकला हनीफभाईंनी आपली जुनी कोरोला कलाकेंद्राबाहेर सावली बघून लावली आणि मुलीला फोन केला.

"खाली ये गं. पापलेटचं कालवण आणलंय. गरम हाय अजून."

"अब्बा, मीटिंग आहे. स्वागतकक्षात ठेवा, मी येते दहा मिनिटांत."

सौदीतल्या धाहरानच्या त्या केंद्रात सव्वा महिन्यानंतर तीन दिवसांचा महोत्सव व्हायचा होता, कृष्णवर्णीय कलावंतांचा आणि त्यांच्या परंपरांचा. सुदानची एक गायिका येणार होती, शिकागोचा एक नर्तक, टांझानियाचे ढोलवाले. शिवाय लीवा नावाचा नाच करणारे याच किनाऱ्यावरचे लीवावाले. मोती काढणाऱ्या होड्यांवर राबायला आफ्रिकेतून ज्यांना धरून आणलं, त्यांचे हे पणतू. मधे उंच ढोल आणि सनईसारखं वाद्य, भोवती पुरुषांचा संथ फिरणारा फेर, आणि ओठांवर अशी गाणी, की ज्यांतल्या निम्म्या शब्दांचा अर्थ गाणाऱ्यांनाही आता सांगता येत नाही.

महोत्सवाची पुस्तिका आलिमा लिहीत होती. तिचं वाचन दांडगं. समुद्रावरच्या गुलामांच्या व्यापारावर तिने आठ पानं लिहिली होती. ध्वनिव्यवस्था बघणारी उमामा म्हणाली होती, वाचताना मला मधेच थांबावं लागलं. त्या आठ पानांत एक वाक्य होतं: भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आफ्रिकी वंशाचे लोक काही शतकांपासून राहतात. ते लोक कोण, त्यांतलं आपलं कोण, हे आलिमाने लिहिलं नव्हतं.

हनीफभाई मुरूडचे सिद्दी. सत्तावीस वर्षं रास तनुराला एका ठेकेदाराकडे फिटर होते आणि शेजारच्या रहीमा गावात शारीक नावाच्या गाववाल्याबरोबर एका खोलीत राहायचे. रंग तव्यासारखा, केस आखूड आणि दाट कुरळे. एकदा जेट्टीवर पडल्यापासून डावा पाय जरा ओढत चालायचे. आलिमा आईवर गेली होती, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. केस तेवढे बापाचे होते. दर सहा आठवड्यांनी शेजारच्या खोबर शहरात जाऊन ती ते सरळ करून घ्यायची.

मीटिंग संपवून ती खाली आली तेव्हा स्वागतकक्षातली किशोरी डब्यावर हात ठेवून उभी होती. किशोरी पुण्याची, बोलघेवडी, मनाने साफ.

"ये बाई, ये. तुझा ड्रायव्हर डबा ठेवून गेला. वास बघ काय सुटलाय! मी उघडणारच होते. केवढा उंच आहे गं, सुदानी का?"

आलिमाने बोलायला तोंड उघडलं. चार शब्दांचं उत्तर होतं, आणि तिला ते देता येत नव्हतं असंही नाही. शब्द जिभेवर होते. पण एक क्षण गेला, मग दुसरा गेला.

आणि खांबाच्या पलीकडून, पाण्याच्या मशीनजवळून, हनीफभाई पुढे आले. ते गेले नव्हते. पाणी प्यायला थांबले होते. हातातला कागदी पेला त्यांनी नीट चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मुलीकडे एकदाच बघितलं आणि मराठीत नाही, हिंदीत म्हणाले, "मॅडम, डब्बा दे दिया. मैं चलता हूँ."

"ठीक है," आलिमा म्हणाली.

काचेचं दार आपोआप उघडलं, ते पाय ओढत उन्हात गेले, दार मिटलं. किशोरी पापलेटविषयी काहीतरी बोलत होती.

संध्याकाळी त्यांचा आवाजातला निरोप आला: "कालवण आजच खा. उद्यावर ठेवू नको." बाकी काही नाही. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तिने अंगठा पाठवला.

गुरुवारी पहाटेच्या नमाजाआधी हनीफभाई गेले. झोपेतच.

*

दफन रहीमालाच झालं, त्याच दिवशी. तिकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. आलिमा शारीकच्या खोलीत अब्बांच्या खाटेवर बसून राहिली, आणि शारीकने परत आल्यावर सांगितलं ते तिने ऐकून घेतलं.

"चाळीस-पन्नास मानसं होती गं. आपली चार. बाकी सगळी हितलीच, म्हातारी, काळी. आपल्या हनीफसारखीच दिसायची. खांदा सोडंनात. मी इचारलं, तुमी कोण? तर म्हनतात, आमचा नवाब गेला."

"नवाब?"

"तेच तर! मी पन चाट पडलो. दर गुरुवारी जायचा कुठंतरी. मला म्हनायचा, आपल्या मानसांत जाऊन येतो. मला वाटलं, मस्करी करतोय."

कुठे जायचे, कुणाकडे, ते शारीकला माहीत नव्हतं. तिने तर कधी विचारलंच नव्हतं.

आठ दिवसांनी ती कामावर आली. किशोरीने तिला घट्ट मिठी मारली आणि खरोखरच रडली. "बाबांचा फोटो आहे का गं? मी तर त्यांना कधी बघितलंच नाही." आलिमा म्हणाली, या फोनमध्ये नाही. एकदा गप्प बसलं की पुढे सारखं गप्प बसावं लागतं, हे तिला तेव्हा कळलं. मृत्यूचा दाखला, पासपोर्ट, इकामा म्हणजे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना रद्द करणं, सगळं तिने एकटीने केलं. तो दहा आकडी इकामा नंबर तिला न बघता म्हणता येऊ लागला.

म्हणूनच महोत्सवाच्या आदल्या आठवड्यात तिला तो ओळखू आला.

कलावंतांच्या प्रवेशपत्रांची यादी तपासायला तिच्याकडे आली होती. रास तनुराच्या लीवावाल्यांपैकी फेरात नाचणाऱ्यांची सतरा नावं होती, वादकांची यादी वेगळी. दोन महिन्यांपूर्वी पथकाच्या म्होरक्याने, अबू मर्जूकने, पाठवलेली. सोळा माणसं सौदी. अकराव्या ओळीत इकामा नंबर होता. नाव वाचायच्या आधी तिने नंबर वाचला.

मग त्या ओळीवर रेघ मारली, बाजूला 'सोळा' लिहिलं आणि यादी किशोरीकडे पाठवली.

*

तालीम महोत्सवाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी होती. पुस्तिकेसाठी लीवावाल्यांवर लिहिणारी आलिमाच, त्यामुळे रंगमंचावर त्यांची देखरेख तिच्याकडे आली. कानाला बोलायचं यंत्र लावून ती पडद्याआड उभी राहिली.

माणसं आली तीच हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. सगळे पांढऱ्या पायघोळ थोबमध्ये. बहुतेकांनी साठी ओलांडलेली. अबू मर्जूक ऐंशीचा असेल, वाळलेल्या खजुरासारखा, पण पाठ ताठ. तेलाच्या धंद्यात हिंदी माणसांबरोबर आयुष्य गेल्यामुळे हिंदी सरळ बोलायचा.

"सगळ्यांना पासेस मिळाले ना?" आलिमाने खाली फोन करून विचारलं.

"मिळाले की," किशोरी म्हणाली. "तू सोळा लिहिलं होतंस, पण सतरा आधीच छापून झाले होते. जाऊ दे म्हटलं. टेबलावर ठेवले होते, सतराच्या सतरा गेले."

कुणीतरी दोन उचलले असतील. आलिमाने तो विषय सोडला.

ढोल सुरू झाला. तो कानांपेक्षा तळपायांना आधी कळायचा. सनईसारखं ते वाद्य त्याच्यावर चढलं, आणि माणसं खांद्याला खांदा देऊन वर्तुळात फिरू लागली, दोन पावलं पुढे, एक मागे. सवयीने तिने डोकी मोजली. सोळा. दहाव्या आणि अकराव्या माणसाच्या मधे एका माणसाएवढी जागा मोकळी होती.

चूक झाली असेल, असं तिला वाटलं. पण फेर फिरला आणि ती जागाही फिरली. मागचा माणूस मागे पडत नव्हता, पुढचा पुढे सरकत नव्हता. ती जागा रुंद होत नव्हती, अरुंद होत नव्हती. बाकीच्यांसारखीच दोन पावलं पुढे जायची आणि एक मागे यायची.

"आलिमा," कानात उमामाचा आवाज आला. "जरा इकडे वर येऊन जातेस? घाई नाही. यांची विश्रांती झाली की ये."

ती वर काचेच्या खोलीत गेली. उमामाने रंगमंचाच्या लाकडी तळाला पावलांसाठी एक चपटा माइक लावला होता. संगणकाच्या पडद्यावर त्याची नोंद दिसत होती. फेर माइकवरून जाईल तसे एकेका माणसाच्या पावलांचे उंचवटे, ओळीने.

"फेरात गॅप आहे, बरोबर? म्हणजे इथे प्रत्येक फेरीत एक जागा सपाट दिसायला हवी."

"हो."

"मोज."

आलिमाने मोजलं. एका फेरीत सतरा. दुसऱ्या फेरीत सतरा. सपाट जागा कुठेच नव्हती.

"माइक खराब असेल," ती म्हणाली.

"मीही तेच म्हटलं. बदलला." उमामाने बोट ठेवलं. "आणि हा अकरावा बघ. बाकी सगळ्यांचे दोन ठोके सारखे आहेत. याचा एक ठोका उंच, दुसरा लांबट आणि बुटका. घासल्यासारखा. कोण आहे तो? त्याचा पाय दुखतोय का? खुर्ची देऊ या त्याला."

तिने त्या लांबट, बुटक्या खुणेकडे बघितलं. त्या पायाचा फरशीवरचा आवाज ती दाराच्या अलीकडूनच ओळखायची.

*

माणसं पडद्यामागे खजूर आणि कहवा घेत बसली होती. ती अबू मर्जूकसमोर जाऊन उभी राहिली.

"चाचा, फेर में जो जगह खाली है, उसे भर दीजिए. देखने में ठीक नहीं लगता."

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला. "नहीं भरता."

"मतलब?"

"हमारे में ऐसा है. आदमी जाता है, तो उसका जगा चालीस दिन हम साथ लेके चलते. फिर घर का कोई आता है, सब के सामने बोलता है, ये हमारा था. उसके बाद जगा बंद. ये दीन का बात नहीं, फेर का बात है. दादा लोग से चला आया." त्याने शेजारच्या जाड्या माणसाकडे हनुवटी केली. "ये जगा जिसका है, उसका घर का कोई नहीं आया. कोई है भी यहाँ, हमको मालूम नहीं पड़ा. तो पिछले हफ्ते ये बोला, मैं खड़ा रहता हूँ उधर."

जाडा माणूस खाली बघत होता.

"फिर?"

"नहीं खड़ा हो सका." अबू मर्जूकने याहून जास्त सांगितलं नाही. जाड्या माणसाने उजवा हात, चटका बसल्यासारखा, डाव्या हाताखाली लपवून धरला होता.

"किसकी जगह है?" तिने विचारलं.

"हनीफ. हम नवाब बोलते थे." म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू पसरलं, आणि भोवतीचे दोघे-तिघेही हसले. "बोलता था, हमारा किला समुंदर के बीच में है. हम बोले, चल, दिखा. बोला, चाबी खो गया है, मेरा बाप तो नवाब का होड़ी चलाता था, उसको चाबी कौन देगा!"

आलिमाला हे माहीत होतं. तिच्या लहानपणी हाच विनोद शंभरदा झाला होता. या माणसांनी तिच्या बापाला हसत आपल्यात घेतलं होतं, जागा दिली होती, खांदा दिला होता. दर गुरुवारी तो कुणाचा तरी होता. त्या क्षणी तिला त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला.

"तू पहचानती उसको?" अबू मर्जूकने विचारलं.

उमामा खाली येऊन पाच हात अंतरावर केबल गुंडाळत होती.

"उनके गाँव की हूँ," आलिमा म्हणाली.

म्हातारा तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला, मग तिच्या सरळ केलेल्या केसांकडे. "उसका एक बेटी है. बहुत पढ़ा-लिखा. बोलता था, मैं अंगूठा छाप, पर मेरा बेटी एक दिन हमारा किताब लिखेगा. कल चालीसवाँ है. वो आएगा?"

"कल के बाद क्या होगा?"

"मालूम नहीं. ऐसा कभी हुआ नहीं." त्याने गुडघ्यांवर हात टेकून उठायला सुरुवात केली. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "जेवून घे, पोरी."

तिने दचकून वर बघितलं. फोनवर बोलताना अब्बा रोज तिला हेच म्हणायचे. त्यांच्या शेजारी बसून याने ऐकलं असेल, उचललं असेल. तसंच असणार. तोपर्यंत तो दाराबाहेर गेला होता.

*

दुसऱ्या दिवशी पाच वाजता नाट्यगृह भरलेलं होतं. सुदानच्या गायिकेने लोकांना उभं केलं होतं, शिकागोचा नर्तक घामाने निथळत आत आला आणि आलिमाला म्हणाला, पुस्तिका वाचली, आभारी आहे. लीवावाले मंचावर गेले. ढोल सुरू झाला.

ती पडद्याच्या कडेला उभी होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. तिने ठरवलं होतं की आज सांगायचं, कार्यक्रमाच्या आधी, अबू मर्जूकला एकट्याला. आधी उमामा तिथे होती. मग कुणी अधिकारी आले. मग वेळ झाली.

फेर फिरत होता. सोळा माणसं आणि ती जागा.

पहिल्या फेरीत ती जागा तिच्यासमोरून गेली. अत्तराचा, घामाचा, लाकडाचा वास आला. त्या सगळ्याखाली पापलेटच्या कालवणातल्या आमसुलाचा आंबट वास होता.

तिने डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या फेरीत जागा तिच्यासमोर आली आणि एक ठोका जास्त थांबली. मागचा माणूसही थांबला. त्याच्या तोंडावर घाम होता, आणि तो समोर बघत नव्हता, पायांकडे बघत होता.

ढोलाची लय बदलली नाही.

"हे कुठे ठेवू?" मागून किशोरीची कुजबुज आली. स्मृतिचिन्हांचं खोकं तिने छातीशी धरलं होतं. "सतरा आणलीत. आधी वाटलं सोळा, पण मी आत्ता प्रेक्षकांतून मोजले, सतराच आहेत."

तिसरी फेरी तिच्या बाजूला वळली. किशोरीने मान पुढे काढून मंचाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"अय्या! अगं, हे तर तुझे ड्रायव्हर! सगळे पांढऱ्यात आणि हे एकटेच शर्ट-पँटमध्ये. मला बोलली नाहीस, हे यांच्यात नाचतात म्हणून!"

तिचं बोट त्या जागेवर रोखलेलं होतं. जागेतून आलिमाला पलीकडचा दिवा दिसत होता, आणि लाकडाच्या फळ्या.

जागा समोर आली. थांबली. या वेळी सगळा फेरच थांबला. ढोलावरचा हात हवेत राहिला. अबू मर्जूक मधे उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"थांबले का गं सगळे?" किशोरी हळूच म्हणाली. "तुझ्याकडेच बघतायत ते. हसतायत. हात पुढे केलाय बघ."

कानातलं यंत्र चालू होतं. वर उमामा ऐकत होती. पुढे आठशे माणसं बसली होती. आलिमाने ते यंत्र काढलं नाही. ती पडद्याआडून बाहेर आली, उजेडात, आणि मागे वळून किशोरीला, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ड्रायव्हर नाहीत गं ते. हनीफ सिद्दी. माझे अब्बा आहेत."